खडीच्या जागी पूल फिल्टरची वाळू: फिशटँकसाठी कितपत चांगली?

फिशटँकमधली खडी काढून वाळू घालायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो: कुठली वाळू? माझं मत स्पष्ट आहे. स्विमिंग पूलच्या सँड फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू घ्यावी. ॲक्वेरियमची म्हणून छोट्या पिशव्यांत विकल्या जाणाऱ्या वाळूपेक्षा ती किलोमागे बहुधा स्वस्त पडते, पण ती घ्यायचं खरं कारण तिच्या दाण्यात आहे. फिल्टर तुंबू नये म्हणून ही वाळू चाळून एकसारखी केलेली असते, दाणा साधारण ०.४५ ते ०.८५ मिलिमीटरचा. त्यात पिठासारखी बारीक धूळ फार कमी असते. मुलांना खेळायला म्हणून विकली जाणारी वाळू याच्या अगदी उलट. ती बराच वेळ धुतली तरी पाणी दुधाळ राहतं, आणि टाकीत तिचा थर घट्ट बसतो.

घेताना पिशवीवर सिलिका किंवा क्वार्ट्झ लिहिलेलं आहे का ते पाहा. पूल फिल्टरसाठी झिओलाइट आणि काचेचा चुराही मिळतो, ते आपल्या कामाचे नाहीत. मग चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणजे पाण्याचा पीएच आणि कठीणपणा वाढत राहणार. आफ्रिकेतल्या मलावी किंवा टांगानिका तळ्यातल्या सिक्लिड माशांना तसं पाणी चालतं, पण टेट्रा आणि तळाशी राहणाऱ्या मिशाळ कोरीडोरासना नाही. शेवटी मूठभर ओली वाळू तळहातावर चोळून पाहा. टोचली तर ती परत करा, कारण माशांच्या मिशा आपल्या तळहाताहून कितीतरी नाजूक असतात.

किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. टाकीची लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा, १०००ने भागा, म्हणजे लिटर आले. त्याला १.६ने गुणलं की किलो. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या टाकीत ४ सेंटिमीटरच्या थराला साडेअकरा किलो लागते, १२ घ्यावी. ५ सेंटिमीटरच्या वर थर नको. खोल वाळूत ऑक्सिजन पोचत नाही, कुजणारी घाण आत अडकते आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो.

धुताना बादलीत एका वेळी ४-५ किलोच घ्या. पाइपाचं तोंड तळापर्यंत नेऊन पाणी जोरात सोडा, हाताने ढवळा, गढूळ पाणी ओतून द्या. चांगल्या प्रतीची पूल वाळू पाच-सहा पाण्यांत स्वच्छ होते. पिशवी कोरडी उपसताना नाकाला मास्क हवाच, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

आता खरी जोखीम, आणि तिचा वाळूच्या प्रतीशी काही संबंध नाही. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये राहतात तसे खडीवरही राहतात. सगळी खडी एका दिवसात गेली की त्यांतला मोठा हिस्सा जातो. म्हणून खडी बदलायच्या आधी आणि नंतर दोन-दोन आठवडे फिल्टरच्या स्पंजला आणि मीडियाला (जिवाणू ज्यावर वाढतात त्या आतल्या साहित्याला) हात लावू नका. एक-दोन किलो जुनी खडी जाळीच्या पिशवीत भरून तीन-चार आठवडे टाकीतच एका कोपऱ्यात ठेवा. पहिला आठवडा खाणं निम्म्यावर आणा आणि अमोनिया आणि त्यापासून जिवाणू बनवतात तो नायट्राइट रोज तपासा. अमोनिया ०.२५ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.२५ भाग) वर गेला की ३० ते ५० टक्के पाणी बदला. टाकी महिनोन्‌महिने स्थिरावलेली असली तरी यातलं काहीही टाळू नका.

बदलायच्या दिवशी हीटर १५-२० मिनिटं आधी बंद करा. गरम काच पाण्याबाहेर उघडी पडली तर तडकते. वरचं स्वच्छ पाणी आधी झाकणाच्या टबात काढा, मासे त्यात सोडा, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन लावा. फिल्टरचा मीडिया त्याच पाण्यात बुडवून ठेवा, तो कोरडा पडता कामा नये. मासे बाहेर काढल्याशिवाय खडी उपसू नका. खाली वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम उठतो, त्यात विषारी वायूही असू शकतो. तो गाळ तळच्या पाण्यासकट फेकून द्या. टाकीत अंडरग्रॅव्हल फिल्टर (खडीखाली फटींची प्लेट असलेला) असेल तर प्लेटही काढावी लागेल आणि माशांना दुसरा फिल्टर द्यावा लागेल, कारण वाळू प्लेटच्या फटींतून खाली उतरते आणि ती बंद पडते. खडीवरच वाळू पसरायचा मोहही आवरा. वाळू हळूहळू फटींत झिरपते आणि खडी वर येते.

जड दगड वाळू भरण्याआधीच तळावर बसवा, नाहीतर उकरणारे मासे खालची वाळू काढतात आणि दगड काचेवर कलंडतो. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवा आणि धार तिच्यावर सोडा. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्याच तापमानाचं हवं. गढूळपणा बसेपर्यंत, साधारण अर्धा ते एक तास, फिल्टर सुरू करू नका. या वाळूचा सर्वांत मोठा तोटा इथेच दिसतो: एक-दोन दाणे इम्पेलरच्या (फिल्टरमधल्या पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पंख्याच्या) खोबणीत गेले की घरघर सुरू होते आणि पुढे शाफ्ट झिजतो. फिल्टरचं तोंड वाळूपासून ५-७ सेंटिमीटर वर ठेवा आणि त्यावर स्पंज चढवा. आवाज आलाच तर लगेच बंद करून इम्पेलर धुवा.

दुसरी तक्रार रंगाची. ही वाळू फिकट, पिवळसर असते. त्यावर प्रत्येक विष्ठा दिसते आणि गडद माशांचे रंग थोडे फिके पडतात. काळा तळ हवा असेल तर ही वाळू तुमच्यासाठी नाही. पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी थर येतो, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. नेराइट गोगलगाई तो खातात, आणि बहुधा तो आपोआपही जातो.

घाण दिसते म्हणून घाबरू नका. खडीत ती आत बसून सडते, इथे वर राहते आणि सहज निघते. सायफनचं (घाण पाण्यासकट ओढून घेणाऱ्या नळीचं) तोंड वाळूत न खुपसता २ सेंटिमीटर वर धरून गोल फिरवा, घाण उचलली जाते आणि जड दाणे खाली बसतात. दाणे चढायला लागले तर नळी क्षणभर दाबा. महिन्यातून एकदा बोटाने किंवा काडीने वरचा थर हलवा, वाळूत शिरून फिरणाऱ्या मलेशियन ट्रम्पेट गोगलगाई असतील तर तेही काम कमी होतं. वाळूत खत नसतं, त्यामुळे ॲमेझॉन स्वॉर्ड आणि क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतींच्या मुळांशी रूट टॅब, म्हणजे खताच्या गोळ्या, पुराव्या लागतात. अनुबियास या वनस्पतीचा कंद मात्र वाळूत पुरू नये, तो कुजतो.

कोरीडोरास, कुली लोच किंवा जिओफॅगस असे वाळू उकरणारे मासे पाळत असाल तर हा बदल कराच. कोरी डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसते, घास चाळते आणि कल्ल्यांतून वाळूची बारीक धार बाहेर सोडते. खडीवर हे तिला कधीच करता येत नाही. नुसते गप्पी आणि टेट्रा असतील आणि खडी स्वच्छ राहत असेल, तर मात्र एवढा खटाटोप करायची गरज नाही.