1200 पिक्सेलचा हट्ट सोडून नऊ महिने झाले

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या एका दुकानाची वेबसाइट मी आधी 1200 पिक्सेल रुंदीवर बांधली होती. कारण एवढंच की माझ्या 1920च्या मॉनिटरवर ती झकास दिसायची. दुकानाच्या काकांनी ती फोनवर उघडली, दोन बोटांनी ताणली, इकडं-तिकडं सरकवली आणि म्हणाले, "लेका, हे पायाला लागालंय की."

मग सगळं उसवलं आणि फोनच्या 360 पिक्सेल रुंदीपासून वर बांधत गेलो.

360च का, यावर पहिला वाद काकांच्या पोराशी झाला. "माझा फोन 1080चा हाय, तू 360 कुठनं काढलास?" त्याचंही खरं होतं. पडदा 1080 ठिपके रुंद आहे, पण सीएसएसच्या, म्हणजे पान मांडायच्या भाषेच्या, एका पिक्सेलला तो आडवे तीन ठिपके लावतो. म्हणून पान मांडताना 360 आणि फोटो देताना 1080 धरायचं. हे मला ठेच लागल्यावर कळलं. सुरुवातीला फोटोही 360चेच केले आणि कापशी चपलेवरची वेणी धुरकट आली. वेणीच दिसली नाही तर कोल्हापुरी घ्यायची कशाला? आता प्रत्येक फोटो 400, 800 आणि 1600 अशा तीन रुंदीत ठेवलाय. कुठला उतरवायचा ते ब्राउझर बघून घेतो.

ठरलेल्या रुंदीची सवय जुनी. 1024च्या पडद्यांच्या काळात 960 चालायचं, कारण ते त्यात मावायचं आणि 2, 3, 4, 6, 8, 12 कशानंही भाग जायचा. 2010 मध्ये इथन मार्कॉट यांनी पडद्याप्रमाणं बदलणाऱ्या मांडणीला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं, तरी मी मोबाइल, टॅबलेट, डेस्कटॉप या तीन चौकटींतच अडकलेलो. 768 आणि 1024 वर ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलायची रुंदी, लिहून मोकळा. दोन महिन्यांत दोन्ही काढून टाकले. आता खिडकी हळूहळू ताणत नेतो; मांडणी जिथं विस्कटते तिथंच ब्रेकपॉइंट. आमच्याकडं ते 540 आणि 870 निघाले. हे आकडे कुठल्या फोनचे नाहीत, 540ला दोन चपला शेजारी-शेजारी नीट बसतात इतकंच.

सगळ्यात डोकं खाल्लं ते मापांच्या तक्त्यानं. भारतीय, युके, युरोपियन, पायाची लांबी, रुंदी, असे पाच रकाने. फोनवर तक्त्यामुळं अख्खं पान आडवं सरकायचं आणि ऑर्डरचं बटण पडद्याबाहेर जायचं. अक्षर बारीक केलं तर मात्रा-वेलांट्यांचा गुंता. मग प्रत्येक मापाचं वेगळं कार्ड केलं. दिसायला देखणं, पण 8 आणि 9 मधला फरक बघायला गिऱ्हाईक वर-खाली करून दमायचं. शेवटी तक्ता त्याच्याच पेटीत आडवा सरकतो, पहिला रकाना जागेवर थांबतो, आणि उजवीकडचा रकाना मुद्दाम अर्धा कापलेला दिसतो, म्हणजे पुढं काहीतरी आहे हे कळतं. काकांना अजून वाटतं मी तक्ता लपवलाय.

उंचीचा विचार मी केलाच नव्हता. 1366×768च्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या पट्ट्या बरीच उंची खातात; माझा वरचा मोठा फोटो पडद्यावर बसून राहायचा, खाली दुकान आहे हे कुणाला कळायचंच नाही. फोनवर 100 व्हीएचनं, म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीच्या मापानं, तोच घोळ केला. ॲड्रेसबार उघडा असताना तळाचं बटण खाली दडायचं. आता एसव्हीएच वापरतो, ते ॲड्रेसबार उघडा धरूनच उंची मोजतं.

एक फायदा मात्र आपसूक झाला. काका लॅपटॉपवर सगळं 200 टक्के मोठं करून वाचतात. 1366चा पडदा तेव्हा 683 सारखा वागतो, आणि साइट आपोआप मधली मांडणी घेते. अपंगांसाठीच्या सुलभतेच्या नियमांत 320 रुंदीपर्यंत आडवं न सरकवता वाचता यावं अशी अपेक्षा आहे, ती मी आधी कागदी समजायचो. मराठी मेन्यूतलं 'मापं कशी घ्यायची' मात्र 320ला दोन ओळींत तुटतं. तुटू दे. ओळींतलं अंतर 1.7 ठेवल्यानं निदान रफार वरच्या ओळीतल्या उकाराला धडकत नाही.

मोठ्या पडद्यावर मजकूर 680च्या पुढं ताणत नाही, ओळ लांबली की डोळा चुकतो. पण काकांनी आता दुकानात 43 इंची टीव्ही लावलाय आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा त्यांना बघवत नाही. तिथं अंबाबाईचा फोटो लावायचा म्हणतात. आमची बोलणी सुरू आहेत.