चेन ब्रेकर घेताय? काउंटरवरच्या डेमोला भुलू नका

नाना पेठेत बाईकची चेन तोडायचं हत्यार घ्यायला जाणार असाल, तर दुकानदार काउंटरवर जे करून दाखवतो ते बघून पैसे काढू नका. माझे पंधराशे त्यातच अडकले होते.

माझ्या ड्यूक ३९० ला ५२० नंबरची चेन आहे. नवीन आणली तीही रिव्हेटवाली, म्हणजे कम्यूटर गाड्यांना असतं तसं क्लिपचं चेन लॉक नाही. जुनी पिन दाबून काढायला आणि नव्या पिनेचं पोकळ टोक फुलवायला हत्यार लागतंच. दुकानदाराने निळी पेटी उघडली. "क्रोम व्हॅनेडियम आहे साहेब, बुलेटवाले हेच नेतात." काउंटरवर चेनचा एक काळाकुट्ट तुकडा होता, तो अडकवून त्याने एका हाताने पाना फिरवला आणि पिन खटकन बाहेर. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं केलं की जीएसटी वेगळा पडेल. यूपीआयने पैसे दिले.

घरी आधी ग्राइंडरने जुन्या पिनेचं डोकं सपाट केलं, रीतसर. बोल्ट आवळायला लागलो तर हत्याराची सुई, म्हणजे पिनेला ढकलणारा बारीक दांडा, वाकली आणि तिचं टोक छत्रीसारखं पसरलं. चेनची पिन केसभरही हलली नाही.

खरं तर बरंच झालं. याच मऊ लोखंडाने नव्या चेनचं रिव्हेट मारलं असतं तर टोक अर्धवट फुललं असतं, आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. व्हर्नियरने फुललेल्या टोकाचा व्यास मोजायचा आणि चेन कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडायचा असतो. या टोकानेच धरून ठेवलेली चेनची बाजूची पट्टी, म्हणजे साइड प्लेट, निसटली की चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनचं केसिंग फोडते, नाहीतर मागचं चाक जाम करते. कात्रजच्या उतारावर असताना झालं तर काय, याचा विचार तुम्हीच करा.

दुसऱ्यांदा दुकानात गेलो तेव्हा तो काळा तुकडा हातात घेऊन नीट पाहिला. चेन ४२८ ची, म्हणजे पिन मुळातच बारीक. तिचं डोकं घासून काढलेलं आणि भोक इतकं सैल की पिन बोटाने आतबाहेर होत होती. त्यात खिळा घातला असता तरी डेमो झाला असता!

म्हणून जाताना ओळखीच्या गॅरेजमधून आपल्या नंबरच्या भंगार चेनचा तुकडा मागून न्या आणि त्यावर पिन काढून दाखवायला सांगा. खिशात छोटी कानस ठेवा. सुईवर हलकेच फिरवायची. पाणी दिलेलं पोलाद असेल तर कानस नुसती घसरते, चावली आणि चुरा पडला तर पेटी परत द्या. सुटी सुई वेगळी विकत मिळते का, हेही विचारा. चांगल्या हत्याराचीही सुई कधी ना कधी मोडतेच.

पैसे परत मागितल्यावर त्याने 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'च्या पाटीकडे बोट दाखवलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. हे सांगून, फोनमधली यूपीआयची नोंद दाखवून १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावायला घेतला. मग मात्र गल्ला उघडला.

पंधराशे मिळाले. पण माझ्यादेखत त्याने वाकलेली सुई फेकून तसलीच दुसरी बसवली आणि पेटी पुन्हा फळीवर ठेवली. निळा डबा, आत तांबडा फोम, झाकणावर 'हेवी ड्यूटी'चं स्टिकर. दिसला तर आधी कानस काढा.