नव्वद डेसिबलच्या पुढचा कान: नानांच्या मशीनचा दिवाळी ते श्रावण अनुभव

दिवाळीनंतर घेतलेलं कानाचं मशीन श्रावण आला तरी रोज सकाळपासून झोपेपर्यंत कानात आहे, कपाटात जाऊन पडलेलं नाही, हे आधीच सांगतो कारण बऱ्याच घरांत ते कपाटातच जाऊन पडतं. मशीन माझं नाही. नाना माझे मित्र, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, साताऱ्यात आमच्याच गल्लीत राहतात आणि आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मुलगा बाहेरगावी, म्हणून दुकानं फिरणं, रिपोर्ट सांभाळणं, मोबाईलचं अ‍ॅप वगैरे माझ्याकडे आलं.

ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखात, डावा कान सरासरी ९५ डेसिबल, उजवा १०५. नव्वदच्या पुढे गेलं की त्याला प्रोफाउंड, म्हणजे सगळ्यात तीव्र बहिरेपणा, म्हणतात. पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो स्पीच स्कोअर, म्हणजे आवाज पुरेसा मोठा करून शब्द ऐकवले तर किती बरोबर ओळखले. डाव्याला ४४ टक्के, उजव्याला १२. हा आकडा बघितल्याशिवाय मशीनवर एक रुपया खर्च करू नका. कानातल्या पेशीच गेलेल्या असतील तर मशीन आवाज मोठा करतं, स्पष्टपणा कुठून आणणार? नानांना खालच्या पट्टीतला आवाज बऱ्यापैकी येतो, वरचा जवळजवळ नाहीच, म्हणून पखवाजाची धूम कळते, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज कळत नाहीत, आणि सात, आठ, साठ हे तिन्ही एकच वाटतात. ओठ बघून बरंचसं भागवतात पण तिथेही पापा, बाबा, मामा ओठांवर सारखेच दिसतात, मग काकू वैतागतात.

सुरुवातीला गेलो त्या दुकानांत सगळीकडे ते कानामागे न दिसणारं छोटं रिचार्जेबल मॉडेल पुढे केलं. "काका, कुणाला कळणारपण नाही!" अहो, लोकांना कळू दे की, काकांना ऐकू यायला पाहिजे. प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात फिटिंग रेंजचा, म्हणजे ते किती बहिरेपणापर्यंत चालतं त्याचा, आलेख असतो, तो मागून घ्यायचा आणि आपला ऑडिओग्राम त्यावर ठेवून बघायचा, काठावर बसत असेल तर सरळ नाही म्हणायचं कारण उद्या कान अजून थोडा उतरला तर मशीनमध्ये वाढवायला जागाच उरत नाही. या लेव्हलला कानामागचं मोठं पॉवरवालं मशीन लागतं, ६७५ नंबरच्या सेलवर चालणारं, निळ्या स्टिकरचा सेल तो. फोनाकचं नाइडा, ओटिकॉनचं एक्सीड, रीसाउंडचं एन्झो ही या वर्गातली नेहमीची नावं. त्यातलंच एक घेतलंय, कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही कारण मग लोक तेच नाव घेऊन दुकानात जातात आणि माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, की या कानांना कंपनी आणि मॉडेल तिसऱ्या नंबरवर, आधी मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा तुकडा) आणि मग प्रोग्रामिंग करणारा माणूस.

एकच मशीन तीन-चार किमतींत मिळतं हे पण कुणी आपणहून सांगत नाही. पॉवर सगळ्यांत तीच, फरक असतो तो गोंगाट दाबणं, किती चॅनल, आपोआप बदलणारे प्रोग्राम अशा गोष्टींत. ४४ टक्के स्कोअरच्या कानाला त्यातलं किती जाणवणार? आम्ही खालून दुसरं घेतलं, जोडी लाखाच्या घरात गेली, आणि वाचलेल्या पैशात वेगळा वायरलेस माईक घेतला. त्याचं पुढे सांगतो. हो, कानाच्या मशीनवर जीएसटी नाही, बिल नीट वाचा.

आता मोल्ड. कानाचा मळ काढून आत दोरा बांधलेला बोळा ठेवतात आणि पिठासारखा मसाला पिचकारीने भरून माप घेतात. पहिला मोल्ड तोंड मिटून घेतलेल्या मापाचा होता, नाना भाकरी चावायला लागले की शिट्टी, हसले की शिट्टी, आणि शिट्टी आली की कंप्युटरवर आवाज कमी करून देणार! म्हणजे पॉवरचं मशीन घेऊन त्याची पॉवरच काढून टाकायची. मग पुण्यातल्या ऑडिओलॉजिस्ट (कान तपासून मशीन बसवणाऱ्या) मॅडमकडे गेलो, त्यांनी मोल्ड बघितल्या बघितल्या बाजूला ठेवला, तोंड उघडं ठेवून खोलवर नवीन माप घेतलं, मऊ सिलिकॉनचा मोल्ड बनवला, शिट्टी बंद, आवाज पूर्ण वाढवता आला. काही हजारांचा मोल्ड, आणि लाखाचं मशीन त्याच्यावर अवलंबून.

मॅडमकडे कानात बारीक नळी घालून पडद्यापाशी खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजायचं यंत्र आहे, रिअल इअर म्हणतात. आम्ही आधी फिरलो त्या दुकानांत हे नव्हतं, तिथे सॉफ्टवेअर जे सुचवेल ते ओके करून देतात. नाना वर्षानुवर्षं शर्टाच्या खिशातलं वायरवालं मशीन वापरायचे, ते सगळंच सरसकट मोठं करायचं. नवीन डिजिटल मशीन हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा कमी वाढवतं, त्यामुळे नानांचं पहिलं वाक्य "यापेक्षा माझा डबा बरा होता". मॅडमनी मोठा आवाज दाबणं बरंचसं काढून जुन्या पद्धतीच्या जवळ आणलं आणि वरची मर्यादा मात्र घट्ट ठेवली, कारण अशा कानांना हळू आवाज येत नाही पण स्टीलचं ताट पडलं की त्रास आपल्यासारखाच होतो. मग हळूहळू बसलं. ऑडिओलॉजिस्टचं आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नका, आणि दुरुस्तीच्या फेऱ्या किमतीत धरल्यात का तेही आधी ठरवा.

भजनाची गंमत वेगळीच. पेटीचा लांब सूर लागला की मशीनला वाटतं ही शिट्टी आहे आणि ते तिला मारायला जातं, मग सूर थरथरतो, नाना बुवांकडे संशयाने बघायला लागले. शिवाय वरच्या पट्टीतले आवाज खाली आणून ऐकवायची सोय चालू होती, बोलण्यात तिचा फायदा आहे, "स" आणि "श" थोडे कळायला लागले, पण गाण्यात सगळं बेसूर. मॅडमनी भजनासाठी वेगळा प्रोग्राम केला, त्यात या दोन्ही गोष्टी बंद, आणि मोल्ड घट्ट म्हणूनच तसं करता आलं. त्या प्रोग्राममध्ये टाळ ऐकू येत नाही. मी काळजीने विचारलं तर म्हणाले "अरे टाळकऱ्यांचे हात दिसतात की मला, पेटी बरी लागली पाहिजे."

माईक म्हणजे सगळ्यात वसूल झालेली वस्तू. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो, त्यापुढे कुठलंच मशीन फार काही करू शकत नाही, पण माईक बोलणाऱ्याच्या कॉलरला लावला की तो थेट कानात. कीर्तनाला बुवांना लावतो, घरी काकूंना. एकदा काकू तो लावूनच स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर नानांच्या खर्चिकपणाबद्दल बोलत होत्या आणि नाना हॉलमधून "मशीन जीएसटीशिवाय मिळालंय गं!" म्हणून ओरडले. फोन मात्र निम्माच जमतो, ओळखीचा आवाज असला तर ठीक, बँकवाल्यांचा फोन अजून मीच घेतो. मोबाईलवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीत टाकून दिलंय, दवाखान्यात उपयोगी पडतं, नावांची मात्र वाट लावतं.

त्रासाचं म्हणाल तर सेल दोनेक आठवड्यांत संपतात, स्टिकर काढून चार-पाच मिनिटं हवा लागू द्यावी लागते, आणि नातवंडं आली की डबी वर ठेवायची, गिळला तर फार धोक्याचं. पावसाळ्यात मशीन आणि मोल्ड जोडणाऱ्या नळीत पाण्याचे थेंब साठतात आणि आवाज एकदम बंद, मशीन बिघडलं म्हणून घाबरायचं नाही, नळी काढून फुंकणीने हवा मारायची, रात्री सिलिका जेलच्या डबीत. नळी काही महिन्यांत कडक होते, बदलून घ्यायला पुण्याला जावं लागतं, हे मला सगळ्यात डोक्याला ताप वाटतं.

पैशाची अडचण असेल त्यांनी आधी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करावी, दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर मशीन मिळतं. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) काढून ठेवाच, जुन्या टॅक्स पद्धतीत दिव्यांगांची सूट दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवरच आहे.

उजव्या कानाचं अजून ठरलेलं नाही. १२ टक्क्यांत शब्द कळत नाहीत, नुसती हाक कुठल्या बाजूने आली तेवढं कळतं. ईएनटी डॉक्टरांनी त्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं यंत्र, सुचवलंय, खर्च काही लाखांत, बोलणं सुधारू शकतं पण पेटीचा सूर त्यातून कसा लागेल याची खात्री कुणी देत नाही, आणि आहे ते थोडं नैसर्गिक ऐकणंही त्या कानातून जाऊ शकतं. नाना सध्या नको म्हणतात, काकू हो म्हणतात, मी मध्ये पडत नाही. वर्षाची टेस्ट दिवाळीला आहे, तेव्हा डाव्याचा स्कोअर बघून बोलायचं ठरलंय.