विंटर बल्ब कॉम्बो, २५ कंद: ठाण्याच्या गॅलरीत काय फुललं आणि काय कुजलं

पाचपैकी अडीच स्टार. त्यातले दोन अमॅरिलिसचे आणि अर्धा ग्लॅडिओलसचा. बॉक्स आला तेव्हाच रिव्ह्यू टाकायचा म्हणजे फक्त पॅकिंगचा रिव्ह्यू झाला असता, विक्रेत्याच्या पेजवर सगळ्यांनी तेच केलंय, 'नाइस पॅकिंग, फास्ट डिलिव्हरी', अहो पण फूल आलं का ते सांगा ना! म्हणून मी मुद्दाम चार महिने थांबले. आता फेब्रुवारी संपत आलाय, दुपारी पंखा लागायला लागलाय, आणि जे यायचं होतं ते येऊन गेलंय.

आधी माझ्याकडची परिस्थिती सांगते, नाहीतर तुलना करता येणार नाही. कोलशेत रोड, सातवा मजला, गॅलरी पूर्वेची. सकाळी अकरापर्यंत ऊन, नंतर नुसता उजेड, आणि दिवसभर रस्त्याची धूळ, इतकी की पानं दर दोन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावी लागतात.

बॉक्समध्ये ३ ट्युलिप, ४ डॅफोडिल, ५ फ्रीसिया, ५ रॅननक्युलस, ६ ग्लॅडिओलस आणि २ अमॅरिलिस, सोबत कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) चकत्या आणि एक चकचकीत कागद. किंमत १,२४९ रुपये. बॉक्सवर थंड हॉलंडातली असते तशी पवनचक्की आणि तिच्यासमोर ट्युलिपचं शेत. पवनचक्की बघूनच मला कळायला हवं होतं पण दिवाळीचा बोनस आला होता नवऱ्याचा, आणि मी भुलले. कागदावर सगळ्या २५ कंदांसाठी एकच सूचना: चार इंच खोल लावा, रोज पाणी द्या, उन्हात ठेवा. ही सूचना सरसकट सगळ्यांना देणं म्हणजे वरण, भात आणि पुरणपोळी एकाच शिट्टीत शिजवण्यासारखं आहे.

ट्युलिपचं आधी संपवते. मूळ ट्युलिप मध्य आशियातल्या डोंगरातला, त्याला फुलायच्या आधी साधारण १२ ते १४ आठवडे चांगली थंडी लागते, नऊ अंशांच्या खालची. श्रीनगरच्या बागेत मार्चच्या शेवटाला फुलतो तो पूर्ण हिवाळा मातीत काढून. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पंधरा-सोळा झालं की लोक स्वेटर घालून सेल्फी काढतात, ती थंडी ट्युलिपच्या खिजगणतीतही नाही. हे मला कंद घरी आल्यावर वाचून कळलं, मग ते कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. तिथेही माती खाल्ली, कारण शेजारी सफरचंदं होती. पिकणाऱ्या फळांमधून जो इथिलीन वायू निघतो त्याने कंदाच्या आतली कळी मरते, हे कुठे त्या कागदावर? सहाच आठवड्यांत माझा धीर सुटला, ख्रिसमसला लावले. दोघांना नुसती पानं आली, आत कळी वाळून कागदासारखी. तिसऱ्याला फूल आलं, खरंच आलं, पण दांडाच नाही! दोन पानांच्या बेचक्यात, मातीला टेकून, शर्टाच्या बटणासारखं. थंडी कमी पडली की असं होतं म्हणे. दोन दिवस टिकलं. मी जमिनीवर झोपून फोटो काढला त्याचा, आणि फोटोत मात्र छान दिसतं.

डॅफोडिल, चारही, हिरवीगार पानं आणि फूल शून्य. त्यांनाही थंडीच हवी. राग याचा येतो की डॅफोडिलच्याच घराण्यात ती छोटी पांढरी, घोसाने येणारी, वासाची पेपरव्हाइट असते, तिला असली थंडी लागत नाही. ती चार दिली असती तर गॅलरी दरवळली असती. पण तिचा फोटो पवनचक्कीसमोर शोभत नसावा. एक काळजीची गोष्ट: डॅफोडिलचा कंद हुबेहूब छोट्या कांद्यासारखा दिसतो आणि विषारी असतो, तेव्हा स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवू नका. माझ्याकडे फ्रीजमधल्या पिशवीवर मार्करने मोठ्ठं 'खायचं नाही' लिहिलं होतं.

फ्रीसिया: पाचही लसणाच्या पाकळीएवढे, गवतासारखी पानं आली, आडवी पडली, संपलं. रात्री गार लागतात त्यांना, आमच्या गॅलरीत एसीचं आउटडोअर युनिट आहे, काय बोलणार.

रॅननक्युलसची मात्र गंमत. त्याचे कंद म्हणजे मूठभर सुकी करंदी. आमच्या मावशी बघून म्हणाल्या, "ताई, सुकट कुंडीत कशाला घालताय, मांजर चढेल." लावायच्या आधी तीन-चार तास पाण्यात भिजवायचे, फुगून दुप्पट होतात, आणि पाय खाली करून लावायचे. कागदावर लिहिल्याप्रमाणे रोज पाणी दिलं आणि त्यात ते कोकोपीट, पाणी धरून बसणारं, चार दिवसांत दोन कुजले, वास आला तेव्हा कळलं. उरलेले तीन उकरून लाल माती, वाळू आणि थोडं गांडूळ खत अशा मिश्रणात लावले, पाणी तिसऱ्या दिवशी. कोथिंबिरीसारखी पानं आली आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एकाला फूल. एकच! पण काय फूल हो, गुलाबी रंगाचा चिरोटा तळताना पापुद्रे कसे सुटतात तसं एकेक पापुद्रं मोकळं होत गेलं, मी मोजायला घेतले आणि चाळीसनंतर सोडून दिले. एवढ्यासाठी परत लावीन का? लावीन, पण सुटे आणून.

ग्लॅडिओलस सहापैकी पाच उगवले. नोव्हेंबरच्या मध्याला लावलेले, ८२ दिवसांनी पहिली कळी, म्हणजे अगदी वेळेत. हा मूळचा आफ्रिकेचा, आपल्याकडे पुणे-नाशिककडे शेतात घेतात, जांभळी नाक्यावर जुडी मिळते तीच ही. 'मिक्स कलर' लिहिलं होतं, पाचही केशरी निघाले. दांडा कमरेएवढा होतो आणि सातव्या मजल्यावरच्या वाऱ्यात हमखास वाकतो, मी जुन्या पडद्याचा रॉड रोवून सुतळीने बांधले. खालची फुलं आधी उमलतात, तेव्हा खालच्या दोन कळ्यांना रंग दिसला की कापून बाटलीत ठेवा, आठवडाभर एकेक वर उमलत जातं, सुकलेलं खालून खुडत राहायचं. एका दांड्याला थ्रिप्स नावाचे बारीक किडे लागले, पाकळ्यांवर चंदेरी ओरखडे आले, तो काढून टाकला.

आणि आता अमॅरिलिस, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले. दोन्ही कंद मोठ्या कांद्याएवढे, टणक, एकही डाग नाही, इथे विक्रेत्याला पूर्ण मार्क. चार इंच खोल वगैरे अजिबात पुरायचा नाही, मान आणि वरचा एक तृतीयांश भाग मातीच्या वर हवा, नाहीतर कुजतो. दोन महिने काहीच नाही. जानेवारी संपताना कंदाच्या कडेने, मधून नाही, चपटी हिरवट-लाल चोच बाहेर आली. मला वाटलं पान. पण पान वर पातळ असतं आणि ही पोपटाच्या चोचीसारखी जाड. मग रोज सकाळी चहा घेऊन तिथेच, भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या, रोज जवळजवळ एक इंच! शाळेत मुलाची उंची मोजायचो तशी. उन्हाकडे मान वळवतो म्हणून कुंडी रोज थोडी फिरवायची. मग एके दिवशी चोच मधोमध उकलली आणि आत चार कळ्या, एकमेकींना पाठ लावून उभ्या. आधी समोरासमोरच्या दोन उमलल्या, दोन दिवसांनी आडव्या दोन. लाल, मध्ये पांढरा पट्टा, माझी वीत पुरत नाही एवढं फूल. उमलल्यावर दुपारच्या उन्हातून आत घेतलं आणि परागकोश कात्रीने काढले, त्याने फूल जरा जास्त टिकतं आणि भिंतीला पिवळे डाग पडत नाहीत. सहा दिवस टिकलं, बाहेर ३४ अंश असताना. हा दक्षिण अमेरिकेतला, आपली हवा त्याला परकी नाही.

तर मग पैसे वसूल का? नाही. कारण डिसेंबरात घोडबंदर रोडच्या एका नर्सरीत शेणखत आणायला गेले तर तिथे हेच अमॅरिलिसचे कंद, 'लिली' म्हणून, ८० रुपयांना सुटे. नर्सरीवाल्या काकांना ट्युलिपचं विचारलं तर म्हणाले, "ताई, फ्रीजचं बिल तुम्ही भरणार असाल तर लावा." बॉक्सवाल्यांपेक्षा त्यांनी सरळ सांगितलं. कस्टमर केअरला डॅफोडिलचे फोटो पाठवले होते, चार दिवसांनी उत्तर आलं, 'डिअर कस्टमर, पुढच्या ऑर्डरवर १० टक्के सूट.' पुढच्या ऑर्डरवर!

ठाणे, नवी मुंबई, डोंबिवली, पनवेल कुठेही असाल तर कॉम्बो घेऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमॅरिलिस आणि ग्लॅडिओलस सुटे घ्या, सोबत निशिगंध घ्या, डॅलिया घ्या. पुण्याच्या पुढे घाटावर राहणाऱ्यांनी फ्रीसिया करून बघायला हरकत नाही.

ज्यांनी आधीच घेतलाय त्यांच्यासाठी: फूल गेल्यावर अमॅरिलिसचा फक्त दांडा कापा, पानं ठेवा, पुढच्या वर्षीचं जेवण पानंच करतात. पावसाळ्यात काळ्या-पांढऱ्या अळ्या येतात, दोन दिवसांत पानं साफ करतात, दिसली की उचलायची. ग्लॅडिओलसची पानं पिवळी पडली की कंद काढून, सावलीत वाळवून, पावसाच्या आधी कागदी पिशवीत. ट्युलिपच्या रिकाम्या कुंडीत मी गेल्या आठवड्यात धणे रगडून टाकले, कालपासून माती जरा फुगल्यासारखी दिसतेय.