कोळशात तीस टक्के ब्रिकेट: चार महिने जाळून बघितल्यावर

वस्तू म्हणजे ९० मिलिमीटर जाडीचे ब्रिकेट, शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या. धंद्यात सगळे पांढरा कोळसा म्हणतात, रंगाने तो चांगला तपकिरी असतो. आमच्याकडे आलेला माल सोयाबीनचं भुसकट, भुईमुगाची टरफलं आणि थोडं उसाचं पाचट दाबून केलेला. वापरला इचलकरंजीतल्या एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, दोन टनी (तासाला दोन टन वाफेच्या) बॉयलरवर, इंडोनेशियाच्या कोळशात मिसळून. मी तिथला बॉयलर अटेंडंट. पुरवठादाराचं नाव लिहीत नाही, अजून त्याच्याकडूनच माल घेतोय.

सुरुवात मालकांनी केली. कोळसा पोच दहा रुपये किलो, ब्रिकेट सात. "किलोला तीन रुपये सुटतात की! सरकारनं थर्मलवाल्यांना सक्ती केलीया, मग आपल्यालाच काय होतंय?" सक्तीचं खरं आहे. सरकारी वीज कंपनी एनटीपीसीने २०१७ मध्येच उत्तर प्रदेशातल्या दादरीच्या वीजकेंद्रात कोळशाबरोबर पेलेट, म्हणजे असेच दाबलेले पण छोटे तुकडे, जाळून बघितले होते, आणि २०२१ च्या धोरणाने औष्णिक केंद्रांना कोळशात आधी पाच टक्के, पुढे सात टक्के काडीकचरा असं प्रमाण ठरवून दिलं. पण तिथे सगळं दळून पिठासारखं भट्टीत फुंकतात. आमच्याकडे जाळी, फावडं आणि फायरमनचा दंड.

मालकांच्या हौसेखातर पहिल्या दिवशी निम्मं-निम्मं घातलं. दोन मिनिटांत असा जाळ उठला की मला वडिलांचं चुलवाण आठवलं. ते गुऱ्हाळावर जाळ घालायचे. चिपाड टाकलं की भडका, हात थांबला की काहील थंड. ब्रिकेट त्याच जातीचं. त्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग तापल्यावर वायू होऊन वर जातो आणि वरच जळतो, मागे निखारा थोडाच उरतो. कोळसा जाळीवर बसून सावकाश जळतो. त्यामुळे झालं काय, प्रेशर सातावरून चढत चढत सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि वीस-पंचवीस मिनिटांनी काटा साडेचारवर. सायझिंगमध्ये वाफ पडली की सूत वाळवणारे सिलिंडर गार, सूत ओलंच बीमवर (मोठ्या रुळावर) गुंडाळलं जातं, तारा एकमेकींना चिकटतात. त्या दिवशीचे दोन बीम यंत्रमागवाल्याने परत पाठवले. त्याची भाषा इथे लिहिण्यासारखी नाही.

मग प्रमाण तीस टक्क्यांवर आणलं आणि जाळ घालायची पद्धत बदलली. खाली कोळशाचा थर लाल होऊ द्यायचा. ब्रिकेट मुठीएवढे मोडून त्यावर पातळ पसरायचे, एका वेळी चार-पाच फावडीच. खालचा वारा थोडा कमी करायचा आणि जाळीच्या वरून येणाऱ्या हवेचा डॅम्पर (झडप) जास्त उघडायचा, कारण तो वायू वर जळतो, त्याला हवा वर पाहिजे. हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. आठवडाभर चिमणीतून काळे लोट निघाले तेव्हा समजलं. पलीकडच्या मावशींनी वाळत घातलेल्या चादरी आणून दाखवल्या. डॅम्पर जमल्यावर मावशी परत आल्या नाहीत.

पहिल्या दोन गाड्या चांगल्या होत्या, हे कबूल करतो. ब्रिकेट पाण्याच्या बादलीत टाकला की दगडासारखा तळाला जायचा, म्हणजे दाब नीट बसलेला. मोडला तर आत घट्ट, कडेला भाजल्यासारखी चकाकी. यात डिंक, खळ काही घालत नाहीत. यंत्रात दाब आणि उष्णता एवढी असते की काडातला लिग्निन नावाचा घटक मऊ होतो आणि तोच सगळं धरून ठेवतो.

तिसऱ्या गाडीपासून घोळ. गाडीचं वजन तेच, ढीग तेवढाच, पण दिवसाला कोळसा जास्त लागायला लागला. मालक म्हणाले, तुमचा फायरमन झोपतो. मी एक किलो ब्रिकेट बारीक मोडून, पत्र्याच्या ट्रेमध्ये घालून गरम मेन स्टीम व्हॉल्व्हला लागून रात्रभर ठेवले. सकाळी वजन ८४० ग्रॅम. म्हणजे टनाला १६० किलो पाणी, तेही सात रुपये किलोने! पुरवठादाराने दिलेल्या लॅब रिपोर्टवर जीसीव्ही, म्हणजे एका किलोतून मिळणारी उष्णता, ३८०० किलोकॅलरी होती, पण ती आठ टक्के ओलाव्याच्या नमुन्याची. गाडीत आलेल्या मालाची ती नव्हेच.

मग बॉयलर हाऊसच्या भिंतीवर खडूने हिशेब मांडला. आमचा कोळसा ५००० किलोकॅलरीचा, दहा रुपये, म्हणजे हजार किलोकॅलरीला दोन रुपये. कोरडा ब्रिकेट ३८०० चा, सात रुपये, म्हणजे एक रुपया चौऱ्याऐंशी पैसे. ओला ब्रिकेट जेमतेम ३४०० चा, म्हणजे दोन रुपये सहा पैसे. मालक बराच वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले. कोरडा माल आला तरी फायदा किलोला तीन रुपयांचा नाही, हजार किलोकॅलरीला सोळा पैशांचा, म्हणजे किलोला साठ पैशांचा आहे. आमच्या खपाला तीस टक्के मिसळून दिवसाचे सहा-सातशे रुपये. ओला आला की उलट पदरचे जातात.

त्याच गाडीने जाळीचीही वाट लावली. आठव्या दिवशी सळई घातली तर आत खणखण आवाज. बाहेर ओढलं तर बाटलीच्या काचेसारखा हिरवट, चकचकीत खडक. बॉयलरवर एकोणीस वर्षं काढली, असा क्लिंकर (राख वितळून झालेला खडक) पहिल्यांदा बघितला. पिकाच्या काडात पोटॅश असतं, त्याला मातीतली वाळू भेटली की राख लवकर वितळते आणि जाळीच्या फटी बुजवते. माझा अंदाज, खळ्यावरचं भुसकट खरडताना मातीही भरली होती. एक ब्रिकेट जुन्या तव्यावर पूर्ण जाळून बघितला. राख तांबूस, चिमटीत खरखरीत. पहिल्या गाडीची राख पिठासारखी होती.

पावसाचं वेगळंच. ताडपत्रीला एक भोक होतं, रुपयाएवढं. सकाळी तिथला ढीग फुगून भुसा झालेला. रात्रपाळीचा फायरमन म्हणाला, "तात्या, ह्यो कोळसा न्हाई, खारी हाय खारी. चहात बुडवली की गेली." त्यानंतर ब्रिकेट पक्क्या शेडमध्ये, फळ्यांवर. कोळसा पावसात भिजला तरी कोळसाच राहतो.

पुरवठादाराला बोलावून ट्रे दाखवला. आधी म्हणाला तुमचा काटा चुकतोय. मग त्याच्याच काट्यावर वजन केलं. आता ठरलंय असं: दहा टक्क्यांवर ओलावा निघाला की तेवढं वजन बिलातून वजा, आणि माती दिसली की गाडी परत. दिवाळीनंतर सोयाबीनचं काड ताजं, उन्हात वाळलेलं येतं, तेव्हा घ्यायचं. जून ते सप्टेंबर नुसता कोळसा. टरफलांचं प्रमाण जास्त असलेला माल मिळाला तर मी पन्नास पैसे जादा द्यायलाही मालकांना सांगेन, त्याची राख कमी आणि जाळीला त्रासही कमी.

सहावी गाडी काल उतरली. एक किलो तुकडे व्हॉल्व्हजवळ ठेवलेत, सकाळी सहाला ट्रे काट्यावर. बिलावर मालकांची सही त्यानंतर.