क्लेव्हेंजर उपकरण: धन्यांसाठी उत्तम, कोथिंबिरीसाठी सांभाळून

दोन लिटरचा काचेचा फ्लास्क, वर वाफ गार करून पुन्हा द्रव करणारा कंडेन्सर आणि मध्ये खुणा केलेली नळी, जिच्यात तेल साठतं आणि पाणी परत फ्लास्कमध्ये उतरतं. १९२८ मध्ये क्लेव्हेंजर यांनी मांडलेली ही रचना बारीकसारीक बदलांसह आजही औषधी वनस्पतींतलं सुगंधी तेल मोजायला वापरतात. धन्यांसाठी हे उपकरण डोळे झाकून घ्यावं. पण एकाच वनस्पतीच्या बी, पान आणि मुळाची तुलना करायची असेल, तर घेण्याआधी काही गोष्टी पाहायलाच हव्यात. धने, बाळंतशेप (शेपूचं बी) आणि बडीशेप ही एकाच कुळातली तीन नावं त्यासाठी चांगली कसोटी आहेत.

धन्यांपासून सुरुवात करावी, कारण तिथे चुकायला जागा कमी. १०० ग्रॅम धने भरड कुटायचे आणि लगेच एक लिटर पाण्यासह फ्लास्कमध्ये टाकायचे. बारीक पूड करू नये. तेल फळाच्या सालीखालच्या नलिकांत असतं, दळताना जी उष्णता होते तिने ते तिथेच उडतं, शिवाय पूड तळाला बसून करपते. उकळी आली की हीटिंग मँटल (फ्लास्कभोवतीची विजेची शेगडी) असा लावावा की मिनिटाला दोन-तीन मिलिलिटर थेंब पडतील. तीन तास पुरतात. नंतर मँटल बंद करून किमान दहा मिनिटं थांबून मगच आकडा वाचावा, गरम नळीत तेल फुगलेलं असतं. युरोपीय फार्माकोपियाची (औषधांच्या प्रतीचे निकष देणाऱ्या अधिकृत ग्रंथाची) किमान अट किलोला तीन मिलिलिटर आहे, म्हणजे १०० ग्रॅमला ०.३ मिलिलिटर. एवढं तेल नळीत स्वच्छ वेगळं दिसतं आणि त्यात लिनालूल हा सुगंधी घटक सर्वाधिक असतो.

कोथिंबीर मात्र दमवते. तिच्या तेलात लिनालूल नव्हे, तर डेकॅनाल आणि २-डेसेनालसारखे अल्डिहाइड्स, म्हणजे उग्र वासाचे घटक, पुढे असतात. कोवळ्या, हिरव्या धन्यांनाही तोच उग्र वास असतो, फळ पिकून सुकलं की तो जातो. म्हणून पानं वाळवून घेतली तर ज्याची तुलना करायची तेच निघून गेलेलं असतं. ताजी, त्याच दिवशीची पानं घ्यावीत. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये २५० ग्रॅमपेक्षा जास्त कोंबू नयेत, फेस थेट कंडेन्सरपर्यंत चढतो आणि हिरवं पाणी नळीत येऊन सगळी मेहनत वाया जाते. सुरुवातीची वीस मिनिटं आच मंद ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. भिंतीला चिकटलेली पानं जळली तर करपट वास तेलात उतरतो, तो नंतर काढता येत नाही.

एवढं करूनही नळीत बहुधा एक पातळ थर दिसतो, खुणांवर वाचता न येणारा. यावर जुना उपाय असा: नळीत अर्धा मिलिलिटर झायलीन (तेल विरघळवणारा द्रव) घालायचं, पानांशिवाय अर्धा तास चालवून त्याची नोंद घ्यायची आणि शेवटच्या आकड्यातून ती वजा करायची. मात्र झायलीन मिसळलेलं तेल घटक तपासायला निरुपयोगी. त्यासाठी दुसरा घाणा झायलीनशिवाय काढावा, थर थोड्या हेक्झेन या द्रावकाने धुऊन घ्यावा, निर्जल सोडियम सल्फेटवर पाणी शोषवावं आणि छोटी कुपी काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवावी. अल्डिहाइड्स हवेत फार लवकर बिघडतात.

धने आणि पानं यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ओलावा वजा करायलाच हवा, ताज्या पानाचं बहुतेक वजन पाणीच असतं. तो ओव्हनमध्ये मोजू नये. तिथे तेलही पाण्याबरोबर उडतं आणि ओलावा जास्त दिसतो. टोल्युइन या द्रावकाबरोबर ऊर्ध्वपातन करून, म्हणजे उकळून वाफ पुन्हा गार करून, मोजावा.

बडीशेपेत उपकरणाची खरी मर्यादा कळते. बियांतल्या तेलाचा मुख्य घटक अॅनेथोल विशीच्या आसपासच्या अंश सेल्सिअसलाच गोठतो. कंडेन्सरचं पाणी फार गार असेल तर आत पांढरे स्फटिक चिकटतात आणि उतारा कमी दिसतो. पाणी काही मिनिटं बंद ठेवलं की वाफेने ते वितळून खाली येतात. हे लक्ष ठेवून करावं, वाफ बाहेर जाऊ देऊ नये. त्याच झाडाच्या मुळातल्या तेलात मात्र डिलॅपिओल हा घटक प्रमुख असतो आणि ते पाण्यापेक्षा जड. हलक्या तेलाच्या नळीत ते तळाशी बसतं, परतीच्या वाटेने फ्लास्कमध्ये जातं आणि नळी रिकामीच राहते. मुळात तेलच नाही असा निष्कर्ष तिथून निघतो. शेपूच्या भारतीय जातीच्या बियांतही डिलॅपिओल असतं. तिचं तेल तरंगतं खरं, पण त्याची घनता पाण्याच्या इतकी जवळ जाते की थर गढूळ राहतो.

म्हणून हलक्या आणि जड अशा दोन्ही तेलांच्या नळ्या असलेला संचच घ्यावा, एकच नळी असलेला घेऊ नये. तोटी टेफ्लॉनची हवी, काचेच्या तोटीला लावलेलं ग्रीस तेलात विरघळतं. नळीवर ०.०५ मिलिलिटरच्या खुणा असाव्यात. घटक कोणते हे उपकरण सांगत नाही, त्यासाठी कुपी गॅस क्रोमॅटोग्राफीला (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या तपासणीला) द्यावी लागते आणि तिच्यावर भाग, ओलावा, ऊर्ध्वपातनाचा वेळ हे तिन्ही लिहिलेले असावेत.