फॅलेनॉप्सिस ऑर्किड: वर्षभर सांभाळल्यानंतरचा अनुभव

फॅलेनॉप्सिस म्हणजे फुलं गळेपर्यंतचं झाड, नंतर टाकून द्यायचं, असं बरेच जण धरून चालतात. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ते वर्षभर सांभाळलं, दुसरा बहरही बघितला. झाड चांगलं चिवट आहे. पाणी मात्र वार ठरवून नाही, मुळं बघून द्यायचं.

फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या जंगलांत हे झाडांच्या फांद्यांवर वाढतं. मुळं उघडी, पावसात चिंब भिजतात आणि वाऱ्याने लगेच सुकतात. त्यामुळे मातीत ती गुदमरतात. नर्सरीतून येताना मुळांभोवती ओलं मॉस गच्च भरलेलं असतं, आपल्या पावसाळ्यात ते वाळतच नाही. पहिली फुलं संपल्यावर मी ते काढलं आणि पाइनच्या सालीचे तुकडे व लाकडी कोळसा भरून पारदर्शक कुंडीत झाड लावलं. या कुंडीचे पैसे पुरेपूर वसूल झाले. मुळांवर व्हेलामेन नावाचा जाड, सच्छिद्र थर असतो. कोरडा असला की तो रुपेरी दिसतो, पाणी पडलं की डोळ्यांदेखत हिरवा होतो. मुळं रुपेरी असतील तर पाणी द्यायचं, हिरवी असतील तर थांबायचं. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांनीच पाणी लागतं, पावसाळ्यात आठवडा सहज निघतो.

पाणी सकाळीच द्या. पानांच्या मधोमध साचलेलं पाणी टिश्यूने टिपून घ्या. याला वाढीचा शेंडा एकच असतो, तो कुजला की खेळ खलास.

पूर्वेची खिडकी पुरते. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने देते.

फुलांसाठी गार रात्री लागतात, काही आठवडे तरी २५ अंशांच्या खाली. पुण्यात दिवाळीनंतर हे आपोआप जमतं. पुढे पानाच्या बगलेतून कोंब डोकावतो. मूळ की फुलांचा दांडा, हे ओळखायला त्याचं टोक बघा: मुळाचं गोल आणि गुळगुळीत असतं, दांड्याचं चपटं, बाजूला छोटी खाच असलेलं. तो दिसला त्या सकाळी मी चहा विसरून तिथेच बसले होते!

फुलं दोन-तीन महिने टिकतात. पण पिकत्या आंब्यांची पेटी त्याच खोलीत ठेवू नका; फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर कोमेजतात.

मुंबई-कोकणात रात्री फारशा गार होत नाहीत, तिथे उष्णता मानवणारं डेंड्रोबियम हे दुसरं ऑर्किड घेतलेलं बरं. पुणे, नाशिक, कोल्हापूरकरांनी हे जरूर घ्यावं. घेताना फुलांच्या संख्येवर जाऊ नका. कुंडी उचलून मुळं बघा: टणक असतील तर घ्या, तपकिरी आणि मऊ असतील तर तिथेच ठेवा.